आमची वाटचाल: राजारामपुरी ते गुळाचा काटा

2017 च्या दिवाळी पाडव्याला कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघाले, तेव्हा आम्ही तिघे लॅपटॉप घेऊन एका अडत दुकानात बसलो होतो. राजारामपुरीत भाड्याच्या खोलीत नुकतीच फर्म काढली होती. हिशेबाची सॉफ्टवेअर बसवून घर चालायचं, पण डोक्यात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट होतं. निक साबो यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली ही कल्पना: अटी कोडमध्ये लिहायच्या, अट पुरी झाली की पैसे आपोआप हलतात. 2015 मध्ये इथेरियम आलं, म्हणजे असा कोड चालवणारी ब्लॉकचेन, अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली नोंदींची साखळी, आणि ते कुणालाही करता येऊ लागलं. माझ्या वडिलांचं गुऱ्हाळ होतं. पट्टीच्या, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीच्या, पैशासाठी त्यांनी मारलेले हेलपाटे मी पाहिलेत. गूळ तोलला, सौदा झाला, की त्याच क्षणी पैसे खात्यात, एवढंच आम्हाला करायचं होतं.

एका मोठ्या शहरातल्या स्टार्टअपने आम्हाला सोबत घेतलं. पैसे पोचवण्याचा भाग ते करणार होते. चौदा महिने गेले, तो आला नाही. मग त्यांनी फोन उचलणं सोडलं. याचा राग अजून गेलेला नाही, कारण अडत्यांना शब्द आम्ही दिला होता. त्यातच एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं. सौदा साखळीवर आणि पैसे आरटीजीएसने, म्हणजे बँकेतून, मग कॉन्ट्रॅक्ट हुकूम सोडणार कुणाला? ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केलं, पण तोवर आमची वाट बदलली होती.

ती बदलली काट्यावर. सॉलिडिटीत, म्हणजे इथेरियमचे कॉन्ट्रॅक्ट लिहायच्या भाषेत, दशांश चालत नाही, म्हणून आम्ही वजन ग्रॅममध्ये धरलं होतं. चाचणीच्या दिवशी दिवाणजींनी घाईत 30 रव्यांच्या (गुळाच्या ढेपांच्या) जागी 30 क्विंटल टाकले. 30 किलोचा रवा, म्हणजे माल 9 क्विंटलच. कॉन्ट्रॅक्टने 30 क्विंटलचा हिशेब चुकता केला. कोडमध्ये चूक नव्हती, सांगितलं तेच त्याने केलं. दुकानाच्या आप्पांनी आपली पट्टी पुढे ओढली, लाल पेनाने आकडा खोडला, शेजारी सही केली आणि म्हणाले, "पोरांनो, हे तुमच्यात कुठं करायचं, दावा बघू."

जून 2016 मध्ये द डीएओ या इथेरियमवरच्या गुंतवणूक निधीच्या कोडमधल्या त्रुटीतून 36 लाख इथर (इथेरियमचं चलन) काढून नेलं गेलं आणि ते परत आणायला इथेरियमची साखळीच दुभंगली, हे आम्ही वाचलं होतं. साखळीवर एकदा झालेलं खोडता येत नाही, हे समजलं मात्र त्या पट्टीसमोर.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्टवाले असे स्टार्टअप खरोखर चालणारं काही देतात का, हा प्रश्न मला नेहमी येतो. सौद्याच्या दोन्ही बाजू साखळीवरच असतील तर देतात. युनिस्वॅप या इथेरियमवरच्या बाजारात 2018 पासून टोकनची, म्हणजे साखळीवरच्या डिजिटल नाण्यांची, अदलाबदल होते आहे. खरं-खोटं साखळीच्या बाहेर, काट्यावर ठरतं तसं, ठरत असेल, तर शेवटी आकडा सांगणाऱ्यावरच भरवसा ठेवावा लागतो. आणि आकडा चोख मिळाला तरी गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. विमानाला दोन तास उशीर झाला की आपोआप भरपाई देणारा फिझी नावाचा विमा आक्सा या फ्रेंच विमा कंपनीने 2017 मध्ये इथेरियमवर आणला. पुरेशी मागणी नाही म्हणून 2019 मध्ये बंद केला.

शिवाय गुळात उचल असते. लग्नाला, ऊसतोडीला, दवाखान्याला शेतकरी सौद्याआधीच पैसे नेतो आणि दर पडला तर आप्पा ती उचल पुढच्या हंगामावर ढकलतात. हे कोडमध्ये बसवायचा नाद आम्ही सोडला.

2019 मध्ये काटाच संगणकाला जोडला. वजन कुणी टाइप करत नाही. ते शेतकऱ्याच्या मोबाईलवर तिथंच जातं. मागे साधा डेटाबेस आहे, साखळी नाही. दुरुस्ती करता येते, पण खोडलेला आकडा आणि खोडणाऱ्याचं नाव दिसत राहतं. ते आम्ही आप्पांच्या लाल पेनावरूनच घेतलं.

गेल्या हंगामात पन्हाळ्याकडचे एक काका मोबाईल बघून काट्यावरच थांबले. "ह्यो शेवटचा रवा परत ठेवा," म्हणाले. हमालाने ठेवला. आधीच्या वजनात 400 ग्रॅम कमी लागले होते. आप्पांनी नवा आकडा लावला आणि काकांनी मेसेज पुन्हा येईपर्यंत जागा सोडली नाही.