मलिदा, खेप तिसरी: बोंडूनं घोळ घातला

मलिदा म्हणजे आम्हा बेने इस्राएलांचा, कोकणातल्या ज्यूंचा, गोड पोहे आणि फळांचा विधी; मुलांसोबत तो करायची ही तिसरी खेप. यंदा, 2026 साली, तू बिश्वात, म्हणजे झाडांचं नववर्ष, 1 फेब्रुवारीच्या संध्याकाळी लागत होता आणि त्या दिवशी नेमका रविवार. शनिवारी शाब्बाथ, आमचा विश्रांतीचा दिवस, चूल बंद, त्यामुळे बरंच झालं. चार ते सात वर्षांची सहा पोरं, जमिनीवर जुनी चादर, मध्ये परात.

मागच्या दोन्ही खेपांना आधी झाडांच्या नववर्षाची गोष्ट सांगितली. ती संपायच्या आत खजूर संपले. म्हणून या वेळी गोष्ट मागे, फळं पुढे. तीन ताटल्या मांडल्या: एक साल-कवच टाकायच्या फळांची, दुसरी आतली बी टाकायच्या फळांची, तिसरी अख्ख्या खायच्या फळांची. ही वाटणी माझी नाही, कबालाच्या, म्हणजे ज्यू गूढविद्येच्या, परंपरेतली आहे. डाळिंब पहिलीत, खजूर दुसरीत, अंजीर तिसरीत. नारळ कुठे, हे सांगावं लागलंच नाही. द्राक्षं मात्र मी आधीच उभी चिरून ठेवली होती. या वयाला अख्खी देऊ नका.

मग अलिबागहून आलेल्या पिशवीतून एकीनं बोंडू, म्हणजे काजूचं फळ, काढला. "मावशी, याची बी तर बाहेरच आहे!" सगळे गप्प. धाकट्यानं निकाल दिला, "त्याला वेगळी वाटी द्या." दिली. (बी लगेच काढून घेतली, टरफलातल्या तेलानं कातडी भाजते.)

केळ्यावरून पुन्हा वाद. त्यावर झाडाच्या फळाची नाही, जमिनीतून येणाऱ्या फळाची बराखा (खाण्याआधीची प्रार्थना) म्हणतात, कारण घड दिला की केळीचं खोड मरतं. हे त्यांना झटकन पटलं, बागेत पाहिलेलं होतं ना.

मलिद्याचे पोहे गेल्या वेळी भिजत ठेवले आणि लगदा झाला. यंदा जाडे पोहे चाळणीत नुसते धुवून दहा मिनिटं निथळले, मग ओलं खोबरं, साखर, वेलची. सहा जोड्या हात परातीत. हात गुंतले होते तेव्हाच अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावरची एलियाहू हनाबींच्या (एलिया संदेष्ट्यांच्या) रथाची खूण सांगितली. कोणी उठलं नाही.

ऑलिव्ह सपशेल फसलं. खाऱ्या पाण्यातलं होतं, सहाही जणांनी थुंकलं. आम्ही शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, घाण्यावर पिढ्या गेल्या, आणि तेलाच्या फळाची ही दशा! पुढच्या खेपेला फळ नको, वाटीत ऑलिव्हचं तेल आणि बुडवायला पोळीचे तुकडे.