वेरूळ मंगळवारी बंद असते

अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. ही माहिती छत्रपती संभाजीनगरातल्या कोणत्याही रिक्षावाल्याला तोंडपाठ असते. ‘हिंदू, बौद्ध आणि मोगल वारसा, चार दिवस, तज्ज्ञ मार्गदर्शकासह’ अशी सहल आम्हाला विकणाऱ्या मंडळींना मात्र ती सोमवारी सकाळी, नाश्त्याच्या टेबलावर कळली. छापील कार्यक्रमात वेरूळ मंगळवारी होते. त्या एका चुकीपायी पुढच्या दोन दिवसांचे काय झाले, हेच मी येथे प्रामुख्याने लिहिणार आहे, कारण छत्रपती संभाजीनगरला अशा सहलीने जाऊ पाहणाऱ्यांच्या उपयोगाचे तेवढेच आहे. ज्यांना तासभर पायऱ्या चढता येतात आणि ज्यांच्याकडे चांगल्या पकडीचे बूट आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. बाकीच्यांनी पुढचे वाचून आपले आपण ठरवावे.

रविवार सुखाचा गेला, त्यामुळे त्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. संध्याकाळी बीबी का मकबरा पाहिला. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर १६६०-६१ च्या सुमारास बांधून झाली. ‘दख्खनचा ताज’ हे शब्द आमच्या गाइडने इतक्या वेळा उच्चारले की शेवटी गटातली मुले ते त्याच्या आधीच म्हणू लागली. प्रवेशद्वारावरच्या लेखात अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपतराय हा अभियंता अशी दोन नावे आहेत, ती त्याने दाखवली नाहीत. तुम्ही मात्र थांबून शोधा. येथे संगमरवर घुमटाला आणि भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आहे, मधल्या भागात दगड आणि त्यावर चुन्याचा गिलावा. मागच्या अंगाला एका ठिकाणी तळहाताएवढा पोपडा सुटला होता आणि आतला काळा दगड दिसत होता. मला हा मकबरा तो पोपडा पाहिल्यावरच आवडू लागला, कारण तोवर तो ताजमहालाची नक्कल वाटत होता आणि त्यानंतर दख्खनची, बेसॉल्टवर उभी असलेली इमारत वाटू लागला.

आता सोमवार. वेरूळ मंगळवारी बंद म्हणजे ते सोमवारीच उरकणे आले, आणि सोमवारी तर देवगिरी आणि खुलदाबाद आधीपासूनच ठरलेले. तिन्ही ठिकाणे एकाच रस्त्यावर आहेत, तेव्हा पहाटे सहाला निघालो असतो तर हे जमलेही असते. टूर मॅनेजरचे फोन, चहा आणि माणसे मोजणे यांत साडेदहा वाजले आणि ऑक्टोबरच्या उन्हात आम्ही २४ जण सव्वाअकराला देवगिरीच्या, म्हणजे दौलताबादच्या, दरवाजात उतरलो. या वेळेला हा किल्ला चढू नये, हे मी स्पष्ट शब्दांत लिहून ठेवतो. चढ अवघड नाही. अवघड आहे तो तापलेला दगड.

गाइडने दारातच इतिहास सांगितला. अल्लाउद्दीन खिलजीची १२९६ ची स्वारी आणि मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये येथे हलवलेली राजधानी येथपर्यंत सगळे ठीक होते. पुढे मात्र समोरचा चाँद मिनार त्याने तुघलकाच्या नावावर लावून टाकला. मिनार पंधराव्या शतकातला आणि बहमनींचा आहे. मी तसे म्हटल्यावर ‘दोन्ही मते आहेत’ असे उत्तर मिळाले, आणि तेव्हापासून मी त्याच्याकडून केवळ दिशा विचारल्या.

सपाटीवरचा भाग, म्हणजे हत्ती हौद, गोवळकोंड्याचा अबुल हसन तानाशाह जेथे कैदेत होता तो चिनी महाल आणि मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके असलेली मेंढा तोफ, एवढे तासाभरात होते आणि ते कोणालाही झेपते. त्यानंतर खंदक लागतो, डोंगराचा पायथा तासून उभा केलेला कडा लागतो आणि मग अंधारी येते.

अंधारी म्हणजे खडकाच्या पोटातून वर चढत जाणारा, वळणावळणाचा भुयारी मार्ग. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसू नये यासाठीच तो केलेला आहे. त्याच्या तोंडाशी दोन मशालवाले बसले होते. मशालीशिवाय आत सोडत नाहीत, माणशी ५० रुपये पडतील, असे गाइडने गटाला सांगितले. २४ जणांचे १२०० रुपये जमले आणि २४ माणसांच्या पुढे एक व मागे एक अशा दोन मशाली चालू लागल्या. बंदिस्त भुयारात रॉकेलच्या धुराने काय होते ते सांगायला नको. मधल्या माणसांना ना पुढचा उजेड ना मागचा, सगळ्यांना मिळाला तो धूर. ज्वाळेने वटवाघळे उठली आणि डोक्यांवरून फिरू लागली. त्यांच्या लेंड्यांनी निसरड्या झालेल्या पायऱ्या मुळातच एका उंचीच्या नाहीत. माझ्या पुढचे एक काका, वय सत्तरीच्या पुढे, पाय सटकून माझ्या छातीवर आले. मी भिंतीला पाठ टेकून कसाबसा त्यांना सावरले. त्यांची चप्पल खाली कुठेतरी गेली आणि मिळाली नाही, उरलेला किल्ला त्यांनी एका पायात मोजा घालून पाहिला. वाटेत कोणीतरी ‘अजून किती?’ असे विचारले, तेव्हा पुढच्या मशालवाल्याने शांतपणे ‘आता आलंच’ असे सांगितले, आणि असे त्याने चार वेळा सांगितले.

परत येताना मी मुद्दाम मागे राहिलो आणि एकटा, मोबाईलच्या विजेरीवर अंधारी उतरलो. दहा मिनिटेही लागली नाहीत. वटवाघळे जागची हलली नाहीत, धूर नव्हता, आणि तोंडाशी बसलेल्या त्याच माणसांनी मला काहीही विचारले नाही. मशाल सक्तीची नव्हती. गाइडला त्या १२०० रुपयांतले किती मिळाले ते मी पाहिलेले नाही, पण खाली उतरल्यावर त्यांचा एकत्र चहा चाललेला मी पाहिला.

अंधारीसाठी माझे म्हणणे असे. चार-पाच जणांपेक्षा मोठ्या घोळक्यात आत शिरू नये. मोठा गट असेल तर पुढचे लोक बाहेर पडेपर्यंत थांबावे. विजेरीचा झोत छताकडे नव्हे, पायांकडे धरावा आणि एक हात भिंतीला ठेवावा, भिंत ओशट लागली तरी. चप्पल किंवा गुळगुळीत तळाचे बूट घालून जाऊच नये. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी खंदकापाशी थांबावे, त्यात काही कमीपणा नाही.

हे सगळे लिहूनही सांगतो की वर जाच. अंधारीतून बाहेर आल्यावर पुन्हा पायऱ्या आहेत, घसा कोरडा पडतो, आणि मग माथ्याजवळच्या बारादरीच्या, म्हणजे कमानींच्या महालाच्या, कमानींतून जो वारा अंगावर येतो त्याने माणूस वेडा होतो. खाली तटाचे एकात एक वेढे दिसतात आणि खालून ज्याच्याकडे मान वर करून पाहिले तो मिनार पेन्सिलीएवढा होतो. संत एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी याच किल्ल्यावर किल्लेदार होते, आणि लहानगा एकनाथ पैठणहून येथे चालत आला तो कसा आला असेल याचा मी तिथे पाच मिनिटे विचार करत बसलो. त्या पाच मिनिटांपुरता मी टूर मॅनेजरलाही माफ केले होते. हे लिहिताना ती माफी मागे घेतो.

किल्ला उतरून जेवण होईपर्यंत तीन वाजले. खुलदाबाद बसच्या खिडकीतून ‘दाखवण्यात’ आले. औरंगजेबाची उघड्या आकाशाखालची साधी कबर पाहायची तर खाली उतरावे लागते, आणि आम्हाला उतरवले नाही. पावणेचारला वेरूळ, आणि सव्वापाचला बसमध्ये हजर राहायचे असे फर्मान निघाले. वेरूळला ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. दीड तासात ३४ लेणी म्हणजे एकेका लेण्याला तीन मिनिटेही येत नाहीत, आणि त्या दीड तासातली वीस मिनिटे गाइडने कैलास लेण्याच्या दारात उभे राहून हे काम माणसाच्या हातून होणे कसे अशक्य आहे हे सांगण्यात घालवली. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरत आणून हे सुमारे ३० मीटर उंच मंदिर मोकळे केले गेले. ज्याला हे अशक्य वाटते त्याने आवाराच्या कडेच्या भिंतीजवळ जाऊन उभे राहावे. छिन्नीचे तिरके, समांतर घाव तेथे बोटाने मोजता येतात. एका हाताच्या अंतरात मी सतरा मोजले. हे घाव घालणारे हात कोणा परग्रहावरून आले नव्हते.

एक गोष्ट मात्र त्या गोंधळात आपोआप चांगली झाली. वेरूळचा कडा पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन थेट लेण्यांच्या दर्शनी भागावर पडते. चार वाजता कैलासाचा दगड तांबूस होतो. तेव्हा वेरूळला पूर्ण दिवस देणाऱ्याने सकाळी बाकीची लेणी पाहावी आणि कैलास शेवटी ठेवावे. मी गट सोडून पळत दहाव्या लेण्यात, विश्वकर्मा चैत्यगृहात गेलो, ज्याला लोक सुताराची झोपडी म्हणतात. लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्यांचे छत आणि खाली बसलेला बुद्ध. आत कोणी नव्हते. सहा मिनिटे मिळाली. बारावे तीन मजली लेणे आणि जैन लेण्यांतली इंद्रसभा राहिली ती राहिलीच. जैन लेणी बरीच लांब असल्याने ‘तेथे तेच तेच आहे’ असे सांगून गाइडने ती टाळली, हे त्याचे सगळ्यांत अक्षम्य वाक्य होते.

मंगळवार अशा रीतीने रिकामा झाला, आणि रिकामा दिवस अशा सहलीत दुकानांना जातो. सकाळी पैठणी, दुपारी हिमरू, म्हणजे रेशीम आणि सूत मिळून विणलेले कापड. आमच्या गटातल्या एका मावशींनी हिमरूची शाल घेतली आणि संध्याकाळी हॉटेलजवळच्या दुकानात तशीच शाल जवळजवळ निम्म्या किमतीला पाहिली. त्यांनी गाइडला विचारले, ‘अहो, हे कसं काय?’ त्यावर तो म्हणाला, ‘ताई, ती मशीनची.’ दोन्ही शाली शेजारी ठेवून मला तरी फरक दिसला नाही. गाइडने नेलेल्या दुकानात काही घेऊ नये, हा माझा निकाल आहे आणि त्याला अपवाद नाही.

मी त्या दिवशी दुकानांना नकार देऊन रिक्षा केली आणि मकबऱ्यामागच्या टेकडीतली औरंगाबाद लेणी पाहिली, जी कार्यक्रमात नव्हतीच. तिसऱ्या लेण्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष आहेत, पूर्ण माणसाच्या आकाराचे, केसांच्या रचना वेगवेगळ्या; अंधारात गेल्याबरोबर आपल्या आधी कोणीतरी आत बसले आहे असे वाटून मी दचकलो. सातव्या लेण्यात नर्तकी आणि वादक स्त्रियांचे शिल्प आहे. चार दिवसांतली सर्वांत चांगली दुपार मला फुकट गेलेल्या दिवसाने दिली. रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचे आणि थांबण्याचे मिळून आधीच ठरवा, कारण वर परतीचे वाहन मिळत नाही.

बुधवारी अजिंठा, सुमारे शंभर किलोमीटर. गाड्या फर्दापूरच्या टी-जंक्शनवर थांबतात आणि पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या शटल बसने जावे लागते, हा वेळ आणि वेगळे भाडे हिशेबात धरा. सगळे गट पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातच तुंबतात. सरळ पुढे सव्वीसपर्यंत जाऊन उलटे येणे सोयीचे: महापरिनिर्वाणाचा बुद्ध आधी एकांतात मिळतो आणि पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रापाशी पोहोचेपर्यंत गर्दी ओसरलेली असते. चोविसावे लेणे अपुरे म्हणून कोणी दाखवत नाही, पण लेणे कसे कोरत नेत ते अर्धवट सुटलेल्या त्या खांबांइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी खांबावर खरवडलेले नाव आहे. ते डोक्याच्या बरेच वर आहे, कारण तो आला तेव्हा लेणे गाळाने भरलेले होते आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. चित्रांना गाइड ‘फ्रेस्को’ म्हणेल. ती ओल्या चुन्यावर नाहीत, वाळलेल्या लेपावर आहेत. फ्लॅश चालत नाही आणि चित्रांच्या लेण्यांत बूट काढावे लागतात, म्हणून मोजे घाला. आत गेल्यावर काही दिसत नाही म्हणून लगेच बाहेर पडू नका; डोळ्यांना पाच मिनिटे लागतात आणि मग निळा रंग आधी दिसू लागतो.

अजिंठ्याला चढवत नसेल तर डोलीवाले आहेत, मात्र भाडे जाऊन-येऊन किती ते चढण्यापूर्वी दोघांच्या देखत ठरवा.

कंपनीला मी वेरूळच्या गेलेल्या दिवसाचे पैसे मागितले. उत्तर आले की ठिकाण ‘दाखवण्यात आले आहे’. बारावे लेणे आणि इंद्रसभा यांच्यासाठी मी फेब्रुवारीत स्वतःच जाणार आहे. शुक्रवार-शनिवार धरला आहे. तिकीट काढण्याआधी वार दोनदा पाहिला.