तुम्ही विचारलंत म्हणून : ऑफिसला जायला लागल्यावर अंगावरचं दूध बंद करावं लागतं का?

दर एक-दोन महिन्यांनी कुणीतरी मैत्रीण, नाहीतर मैत्रिणीची वहिनी, मेसेज करते की रजा संपतेय, आता दूध तोडावंच लागेल ना, तुझं कसं चाललं वर्षभर?

तोडावं लागत नाही. पण जागा आणि वेळ दोन्ही मागून घ्यावं लागतं आणि ते रुजू व्हायच्या आधी, लेखी. मी हे केलं नव्हतं.

रजा २६ आठवड्यांची, पण त्यातले तीन आठवडे बाळंतपणाआधीच गेले, त्यामुळे लेक सव्वापाच महिन्यांची असतानाच मी कामावर. डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त अंगावरचं द्या! पहिल्या दिवशी विचारलं पंप कुठे करू, तर म्हणाले लेडीज टॉयलेट आहे ना. अहो, बाळाचं जेवण आहे ते, संडासात बसून कुणी डबा भरतं का? मी नाही गेले. दुपारी छाती दाटून दगडासारखी झाली, मीटिंगमध्ये कुणाच्या तरी फोनवर बाळ रडल्याचा आवाज आला आणि पान्हा फुटून कुर्ता भिजला, ओढणी धरून बसले तशीच. संध्याकाळी ताप.

रात्री बसून कायदा वाचला. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत जेवणाच्या सुट्टीशिवाय रोज दोन जादा ब्रेक होते, आता त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते ठेवलेत. ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघर आणि तिथे दिवसातून चार वेळा जाता येतं. पंप करायला खोली द्या असं मात्र कुठे लिहिलेलं नाही, ते मागूनच मिळतं. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष असतो, ऑफिसात का नसावा? हिरकणीचं कौतुक आपण लहानपणापासून ऐकतो, पण मला आता त्या गोष्टीतले बंद दरवाजेच आठवतात, बाळ खाली घरी आणि आई वर गडावर अडकलेली.

मला शेवटी स्टेशनरीची खोली मिळाली. आतून कडी, एक खुर्ची, प्लग पॉइंट, कागदाच्या खोक्यांवर पंप. एवढंच लागतं हो! सकाळी ११ आणि दुपारी साडेतीनला वीस-वीस मिनिटं. वेळ चुकवू नका, दूध काढलं नाही तर शरीराला वाटतं गरज नाही आणि ते कमी व्हायला लागतं. काढलेलं लगेच फ्रीजमध्ये, बाटलीवर तारीख-वेळ, घरी नेताना आइस पॅकच्या पिशवीत. फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, बाहेर चार तासांच्या वर नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात तर तेवढंही ठेवू नका.

खोलीबाहेर हाउसकीपिंगच्या मावशी उभ्या राहायच्या, कुणी दार ढकलू नये म्हणून. एकदा म्हणाल्या, माझा थोरला दोन महिन्यांचा होता तेव्हा कामाला लागले, महिन्याभरात दूध आटलं, मग वरचंच. त्या ठेकेदाराकडच्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालं असेल तर ठेक्यावरच्या बाईलाही ही पगारी रजा आहे.

आता त्यांची सून त्याच ठेकेदाराकडे आहे, सातवा चालू आहे. तिचा अर्ज मागच्या आठवड्यात आम्ही त्याच खोलीत बसून लिहिला, रजेचा आणि परत आल्यावरच्या दोन ब्रेकचा, आणि ठेकेदाराची सही-शिक्का असलेली कॉपी मावशींनी घरी नेऊन ठेवलीय.