लहान म्हातारा वाघ

चिनी भाषेत वाघाला लाओहू म्हणतात. उंदराला लाओशू, गरुडाला लाओयिंग. तिन्ही शब्दांचं पहिलं अक्षर एकच, 'लाओ', आणि शब्दकोश सांगतो त्याचा अर्थ म्हातारा. बरं, वाघाचा बछडा? शियाओ लाओहू. 'शियाओ' म्हणजे लहान. लहान म्हातारा वाघ!

जुन्या ग्रंथांत वाघ नुसता 'हू' आहे. पण आजच्या बोलीला एका अक्षरावर थांबणं आवडत नाही, दोन लागतात. मग पुढे 'लाओ' लावून मोकळे. तिथे वयाचा काही संबंध नाही. चोवीस वर्षांची शाळेतली बाई लाओशी, दुकानाचा मालक लाओबान, आणि कालच लग्न झालेली बायको लाओपो. नवरा लाओगोंग. (हे नवीन लग्न झालेल्या मराठी जोडप्यांनी आपसात वापरून बघू नये.)

मी चीनमधल्या सूझोऊ शहरात एका कारखान्यात क्वालिटी बघतो. 'कुलकर्णी' कुणाच्या तोंडात बसेना, म्हणून मला तिथलंच एक आडनाव मिळालं, उच्चार साधारण 'कू'. रोमन लिपीत ते जी-यू असं लिहितात. मराठी माणसाने ते मोठ्याने वाचू नये, इतकंच सांगतो. त्या आडनावाचा अर्थ प्राचीन. आधी मी शियाओ कू होतो. मग हळूहळू शॉपफ्लोअरवरचे लोक लाओ कू म्हणायला लागले, म्हणजे नावाचा अर्थ झाला म्हातारा प्राचीन. बढतीचं पत्र येतं, याचं येत नाही. ठरलेलं वयही नाही. आपल्याकडे नवख्याचा एक दिवस 'कुलकर्णीसाहेब' होतो तसंही हे नाही, कारण 'लाओ'मध्ये साहेबी नाही, ओळख मुरल्याची खूण आहे. वांग आडनावाच्या मोठ्या साहेबाला कुणी लाओ वांग म्हणत नाही, तो वांग-चोंग. आणि क्रम उलटा केला, वांग-लाओ म्हटलं, की तो एकदम कुणी ज्ञानवृद्ध, आला की सगळ्यांनी उठून उभं राहावं असा. लाओ वांग मात्र कुणीही असू शकतो. इंटरनेटवरच्या विनोदांत तर 'शेजारचा लाओ वांग' म्हणजे नवरा कामावर गेला की हजर होणारा गृहस्थ. सगळे वांग बिचारे सोसतात.

भाजी बाजारात हे अक्षर मला सर्वात आधी आपलंसं वाटलं. जून झालेली भाजी 'लाओ', कोवळी ती 'नन'. घट्ट टोफू लाओ, मऊ लुसलुशीत टोफू नन. जास्त शिजून चिवट झालेलं मांसही लाओ. आईने बोटाने भेंडी मोडून बघावी आणि 'जून आहे' म्हणून परत टाकावी, तोच निकाल. नुसत्या जुन्या वस्तूला, जुन्या शर्टाला वगैरे, वेगळा शब्द आहे: 'च्यू'.

सगळ्यात मोठा लाओ अर्थात लाओत्से, ताओ विचाराचा आद्य पुरुष. परंपरा सांगते आडनाव ली, नाव अर. लाओत्से ही नुसती पदवी, 'वृद्ध गुरू'. पण तीच दोन अक्षरं, दुसरं जरा सैल उच्चारलं, की बोलीत अर्थ होतो बाप. आणि भांडणात माणूस स्वतःलाच तसं म्हणवतो, थेट आपल्या 'तुझा बाप बोलतोय'च्या थाटात. सिग्नलला दोन स्कूटरवाले एकमेकांवर ओरडताना मी ते ऐकतो तेव्हा ताओ वगैरे काही आठवत नाही.

लेखक लाओ श (१८९९–१९६६) हेही टोपणनावच. मूळ नाव शू छिंगछुन, बीजिंगचे, मांचू वंशाचे. आणि लाओस देशाचं चिनी नाव लाओवो. तिथे फक्त आवाजासाठी हे अक्षर घेतलंय.

धंद्यात मात्र 'लाओ' म्हणजे पैसा. जुन्या नामांकित पेढ्यांना लाओत्सहाओ म्हणतात: औषधांची थोंगरनथांग १६६९ची, भाजलेल्या बदकाची छुआनच्युत १८६४ची. ते वय खरं आहे. पण माझ्या फ्रिजमध्ये कायम असते ती लाओ कान मा, क्वेचौ प्रांतातली मिरचीची तेलकट चटणी. 'कान मा' म्हणजे मानलेली आई. बाटलीवर संस्थापक बाईंचा फोटो, चेहरा गंभीर. कंपनी १९९०च्या दशकातली, म्हणजे माझ्याहून लहान. तरी मी तिला लाओच म्हणतो, आणि पोळीबरोबर खातो.