बारीतली लावणी जवळूनच कळायची

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं चौफुला, त्याच रस्त्याने पुढे मोडनिंब, तिकडे नगरच्या बाजूला जामखेड. लावणीच्या रसिकांना ही गावं तिथल्या संगीतबारीच्या थिएटरांमुळे पाठ असायची. वर पत्रे, समोर रंगमंच, मागच्या बाजूला ओळीने खोल्या, आणि आवारात उभे ट्रक. त्या खोल्यांमध्ये पेटी-तबल्यावर रंगणारी बैठक आता विरळ झाली आहे. तिचं तंत्र कुठेतरी लिहून ठेवायला हवं, नाहीतर पुढच्या पिढीला लावणी म्हणजे फक्त मोठ्या स्टेजवरची धावपळ वाटेल.

आधी एक गल्लत दूर करू: तमाशाचा ढोलकीचा फड आणि संगीतबारी एक नव्हेत. ढोलकीचा फड तंबू-कनाती घेऊन जत्रांमागे फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे नाट्य. संगीतबारीत वग नसतोच, सगळा भार गाण्या-नाचण्यावर. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात आणि एकेकीने पाळीने रंगमंचावर यायचं. ती पाळी म्हणजे बारी. पार्टी ओळखली जाते मालकिणीच्या नावाने. नाचणाऱ्या बहुतेक तिच्या घरातल्या-नात्यातल्या, साथीला पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला. अख्ख्या कुटुंबाचं पोट त्या बायकांच्या पायांवर चालायचं, हे लावणीचं कौतुक करताना बहुतेक लोक विसरतात.

रंगमंचावरची बारी झाली की ज्याला हवी त्याने पैसे मोजून खोलीत बैठक लावायची. खरी कला दिसायची ती तिथे. गादी-तक्के, समोर पाच-सात माणसं, आणि गाणारी त्यांच्यापासून हातभर अंतरावर. बैठकीच्या लावणीत पाय जवळजवळ थांबलेले असतात. गुडघा मुडपून बसायचं, नऊवारीच्या निऱ्या पुढे पंख्यासारख्या पसरायच्या आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायची. पहिल्यांदा साधी. दुसऱ्यांदा त्याच शब्दांवर नजर खाली. तिसऱ्यांदा भुवई किंचित वर. मग मनगट, मग नुसता श्वास. शब्द तेच, पण रुसवा, लाडीगोडी, टोमणा, विनवणी असे अर्थ बदलत जायचे. हिलाच अदाकारी म्हणतात. सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि यमुनाबाई वाईकर यांची नावं या अदाकारीसाठी आजही आदराने घेतात. यमुनाबाईंना 2012 साली पद्मश्री मिळाली.

कासोटा ढिला असेल तर हे सगळं बिघडतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते कमरेला घट्ट बसलं नाही तर बसता-उठता मागचा काष्टा सरकतो, मग बाईचं अर्धं लक्ष लुगड्यात आणि अर्धं गाण्यात.

साथीदाराची कसोटी गप्प राहण्यात असते. अदा चालू असताना दादऱ्याच्या सहा किंवा केरव्याच्या आठ मात्रांचा नुसता ठेका धरायचा, तोही हलक्या हाताने. तिथे ढोलकीवाल्याने बोल भरले की भुवईचं काम वाया गेलं. ओळ पुरी झाली, बाईने समेवर मान दिली, की मग दुगण, तोडा, काय वाजवायचं ते मोकळेपणी वाजवावं. चांगला ढोलकीवाला बाईच्या चेहऱ्याकडे बघत वाजवतो, स्वतःच्या हाताकडे नाही.

ढोलकी पट्टीत ठेवणं हे वेगळंच काम. बायकांचा सूर साधारण पेटीच्या काळी चार-पाच पट्टीच्या आसपास, त्यामुळे ढोलकीची शाईची बाजू चांगलीच चढी लावावी लागते. डाव्या तोंडाला आतून मसाला असतो, त्यातून घुमारा येतो. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि सूर उतरतो. मग घाईघाईने ताण वाढवला जातो. दुसऱ्या दिवशी हवा कोरडी झाली की तेच चामडं आक्रसतं आणि कडेशी फाटतं. म्हणून शहाणा वादक आधी पान, म्हणजे तोंडावरचं चामडं, शेकून ओल घालवतो, मगच ताणाला हात लावतो, आणि बैठक संपली की ताण उतरवून ठेवतो. उन्हाळ्यात उलट त्रास: मसाला वाळून तडकतो आणि घुमाऱ्याच्या जागी खरखर ऐकू येते.

चाळांची, म्हणजे पायातल्या घुंगरांच्या माळांची, निगाही अशीच. पितळी घुंगरू, आत लोखंडी गोळी, सुती दोरीत एकेक ओवून मध्ये गाठ. गाठ सैल पडली की घुंगरं एकमेकांवर चढतात आणि आवाज दबतो. घामाने आतली गोळी गंजली की घुंगरू मुकं होतं. एखाद्याची पाकळी चिरली तर सगळ्या चाळात तेवढाच फुटका आवाज कानाला टोचतो. पायाला आधी कापड गुंडाळून त्यावर चाळ बांधायचे, नाहीतर घोटे सोलवटतात. बैठकीत हे चाळ फार वाजत नाहीत, टाच जराशी दाबून दोन-चार घुंगरंच बोलवायची. हे साधायला वर्षं जातात.

हे सगळं कुठे गेलं? शहरात कारण सरळ दिसतं. लालबागचं हनुमान थिएटर गिरणगावाच्या प्रेक्षकावर उभं होतं. 1982 च्या संपानंतर गिरण्याच थंडावल्या, पुढे थिएटरही गेलं. रस्त्यावरच्या थिएटरांत मात्र माणसं येत राहिली, बदलली ती त्यांची फर्माईश. सिनेमातली गाणी, मोठा आवाज, उभा नाच. माईक लागला की कुजबुजीची गरज संपते. तयार गाण्याचा ट्रॅक आला की पेटीवाला आणि तबलजी घरी बसतात.

ट्रॅकचं मोठं नुकसान याहून वेगळं आहे. तो थांबत नाही. समोरच्या रसिकाने दाद दिली, बाईला तीच ओळ पाचव्यांदा घ्यावीशी वाटली, तर पेटीवाला सूर धरून बसायचा आणि तबलजी ठेका फिरवत राहायचा. ट्रॅकमध्ये तोवर पुढचं कडवं सुरू झालेलं असतं.