आमची वाटचाल : पुठ्ठेवाले म्हणतात, म्हणू देत

पुठ्ठ्याच्या लगद्यात सिमेंट मिसळून आम्ही भिंतीचे ब्लॉक करतो, म्हणून सांगलीत आम्हाला अजून ‘पुठ्ठेवाले’च म्हणतात. सुरुवात मामेभावाबरोबर, २०० लिटरच्या एका बॅरलवर. मोटर बंद पडलेल्या गिरणीची, बुडाला कडबाकुट्टीचं पातं. खोकी तासगावच्या बेदाण्याची, हवी तेवढी. टेप आणि पिना मात्र हातानंच काढायच्या. एक जरी राहिली की पातं खडखडायचं आणि मामेभाऊ ओरडायचा, “हे खोकं कुणी सोललं?” दोन दिवस भिजवायचं, लगदा करून पिळायचा, मग तीन पाट्या लगद्याला एक पाटी सिमेंट, एक वाळू. आजी रद्दीच्या लगद्यात मेथ्या घालून टोपल्या करायची. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, “मेथ्या घातल्यास का रे?”

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शेडमध्ये चार दिवस पाणी होतं. आदल्या दिवशी साच्यातून काढलेले ब्लॉक परत लगदा झाले. मुरलेले आकारानं शाबूत राहिले, पण पाणी पिऊन एवढे जड झाले की एकाला दोन माणसं लागायची. वर हिरवी बुरशी. आमच्याच धंद्यातल्या एकानं त्याचे फोटो काढून गिऱ्हाइकांना दाखवले. हा स्वतः सिमेंट वाचवायला सहाला एक माप घालायचा! तीन ऑर्डरी गेल्या. मामेभावानं हिस्सा काढून घेतला, त्याला दोष देत नाही. बँकेचा हप्ता बायकोच्या पाटल्यांवर भरला.

कवठेमहांकाळचे आप्पा तेवढे आले. पोल्ट्रीच्या शेडला खांबांच्या मधल्या भिंती आमच्याच ब्लॉकच्या; उन्हाळ्यात पिलं कमी धापतात म्हणायचे. ब्लॉक हातानं उचलून बघितला, नखानं खरवडला. म्हणाले, “वाळव. सगळे मी नेतो. भाव तोच.” वाळायला दिवाळी उलटली.

बांधणाऱ्यांनी एक करावं : खाली दोन फूट दगडी जोतं घ्या, बाहेरून गिलावा सोडू नका, आणि यावर स्लॅब टाकायचा विचार तर मनातही आणू नका. ब्लॉक करवतीनं कापला जातो, खिळा धरतो, म्हणून लोक त्याला लाकूड समजतात आणि पागोळ्यांखाली उघडा ठेवतात. मग शिव्या आम्हाला.

पुढची वर्षं बरी गेली.

फोटोवाला आता फरशी विकतो. परवा त्याच्याकडचा पोरगा पातं कुठलं वापरता विचारायला आला. दुकान सांगितलं. धार किती मारायची, ते नाही सांगितलं.