आपलीच बोट बुडवली!

आज देवगडजवळच्या एका बंद चिरेखाणीतल्या पाण्यात पहिल्यांदा लढाई खेळलो. मॉडेल युद्धनौकांची, १:१४४ प्रमाणातली. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली २५१ मीटरची जर्मन युद्धनौका बिस्मार्क इथे पावणेदोन मीटरची. बाजूंना पातळ बाल्सा लाकूड, आत गॅसवर छर्रे मारणाऱ्या तोफा आणि शिरलेलं पाणी उपसणारा पंप. छर्रा लाकूड भेदतो, बोट खरोखर बुडते.

सगळ्या बोटी राखाडी! काठावर ओळख करून दिली तेव्हा मान डोलावली होती. पण पाण्यात चार जहाजं गरगरा फिरायला लागली की आपलं कोण, परकं कोण, काही कळेना. ब्रिटिश युद्धनौका रॉडनी तेवढी ओळखू येते, तिच्या मोठ्या तोफा सगळ्या पुढेच. बाकी आनंद. दोन मिनिटं मन लावून गोळीबार केला आणि मागून आवाज आला, "रे मेल्या, ती आपलीच बोट आसा!"

तोवर ती कलली होती. मग बोट कुठे बुडाली ते दाखवणारा, दोरीला बांधलेला फ्लोट तेवढा वर.

आमचे काका बंदरावरून क्षितिजावरचा ट्रॉलर कोणाचा ते सांगतात, आणि मला वीस फुटांवरून जमेना. घरी येऊन वाचलं तर २४ मे १९४१ ला खुद्द ब्रिटिशांच्या हूड युद्धनौकेनेही बिस्मार्क समजून आधी तिच्यासोबतच्या प्रिन्झ ऑयगन या जर्मन क्रूझरवर तोफा डागल्या होत्या. दोनच दिवसांनी ब्रिटिश विमानांनी स्वतःच्याच शेफील्ड या युद्धनौकेवर टॉर्पेडो टाकले! जरा बरं वाटलं.

बुडालेल्या बोटीचा मालक मात्र अजून फोन उचलत नाहीये. उद्या बांगडे घेऊन जातो.